नाशिककर काका, कासवाला पोळी-हरभरे का नको

नाशिककर काका, तुमची प्रतिक्रिया वाचली आणि दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून हे वेगळं लिहितेय. काका म्हणतेय, चालेल ना, तुम्ही रिटायर झालोय असं लिहिलंय म्हणून. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, काकांचं म्हणणं असं की मी इंग्लंडात बसून कासवाचे फालतू लाड करते, दिवे काय लावते, वजन काय करते, आणि वर नुसता पाला घालते त्याला संतुलित आहार म्हणते. त्यांच्याकडे आजोबांच्या काळापासून कासव आहे, ते पोळी, भिजवलेले हरभरे, टोमॅटो, केळं सगळं आवडीने खातं आणि ठणठणीत आहे. शिवाय कोलकात्याचा अद्वैत नावाचा कासव ब्रेड आणि हरभरे खाऊन अडीचशे वर्षं जगला, मग प्रोटीनशिवाय तुमचं कासव कसं जगणार, हा शेवटचा टोला.

अद्वैतपासून सुरू करते कारण ते उदाहरण मला सगळेच देतात. तो कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात २००६ च्या मार्चमध्ये वारला, त्याचं अडीचशे वर्षं वय नक्की कधीच सिद्ध झालेलं नाही, आणि तो होता अल्दाब्रा या महाकाय कासवांच्या जातीचा, अडीचशे किलोच्या आसपासचं धूड. ब्रेड-हरभरे खायचा हे खरं, पण त्याबरोबर गवतही खायचा ते कुणी सांगत नाही. आणि एक जगला म्हणजे त्याच खाण्यावर बाकीचे किती मेले ते कुठे कळतं?

त्यापेक्षा सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन नावाच्या म्हाताऱ्या कासवाची गोष्ट ऐका. १८८२ साली त्याला तिथे आणलं तेव्हाच तो पूर्ण वाढलेला होता, म्हणून जन्म साधारण १८३२ चा धरतात. म्हातारपणी मोतीबिंदूने दिसेना, वास येईना, चरताना मातीपाचोळा तोंडात जायचा, आणि पोषण कमी पडून त्याची चोच बोथट होऊन भुगा व्हायला लागली. तेव्हा तिथल्या जो हॉलिन्स नावाच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा हाताने फळं-भाज्या भरवायला सुरुवात केली आणि चोच परत धारदार झाली. म्हणजे केळं-गाजर त्याला मिळतं ते आंधळा आहे म्हणून, आणि एरवी तो हिरवळीवर चरतच असतो. जोनाथन केळी खातो एवढंच वाचून लोक पिल्लांना रोज केळं चारतात, काय बोलायचं.

आता प्रोटीन. माझा दगडू हर्मन्स जातीचा आहे, म्हणजे स्पेन, इटली, ग्रीस, बाल्कन भागातल्या खडकाळ, झुडपाळ माळावरचं कासव. तिथे उन्हाळ्यात सगळं वाळून जातं, जे मिळेल ते चिवट, धाग्याचं, कमी प्रोटीनचं तण. त्याचं पोट त्यासाठीच बनलंय, मोठ्या आतड्यात जंतू बसलेत ते हा चोथा आंबवून त्यातून ताकद काढतात. तिथे केळं, टोमॅटो, गोड फळं रोज गेली की साखरेने त्या जंतूंचं गणित बिघडतं, मग जुलाब आणि जंत. हरभऱ्यासारखं प्रोटीन गेलं की त्यातला नायट्रोजन युरिक ॲसिड होऊन बाहेर पडायला हवा, पाणी कमी असेल तर तो साठतो आणि मग मूतखडे, किडनी, सांधे सगळं आलंच. आपल्याकडे आग्रह करून वाढलं नाही तर जेवण झालंच नाही असं वाटतं ते पाहुण्यांसाठी ठीक आहे, कासवाला त्याचा फायदा काही नाही.

पण खरी गोम कॅल्शियमची आहे. कासव म्हणजे अर्धं हाडच, कवच आतून हाडच असतं ना. खाण्यात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम निदान दुप्पट तरी पाहिजे. डँडेलियनच्या पानात ते जवळपास पावणेतीन पट असतं. केळ्यात बरोबर उलटं, फॉस्फरस चौपट. हरभरे पण त्याच बाजूचे, टोमॅटो-काकडी पण, फक्त काकडीत पाणीच जास्त म्हणून नुकसान कमी. पालक दिसायला हिरवागार पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून बसतं म्हणून तो कधीतरीच.

म्हणून मी काय देते तर डँडेलियन (इथे लोक हे तण मारायला औषध विकत आणतात आणि मी शेजाऱ्यांकडे जाऊन मागते, अर्थात औषध मारलेलं नाही ना हे विचारून), क्लोव्हर, प्लँटेन नावाच्या तणाची पानं (केळीची नव्हे), तुतीची पानं, जास्वंदाची फुलं मिळाली तर, काटे काढलेलं निवडुंगाचं पान. थंडीत तण नसतं तेव्हा दुकानातली चिकोरी, एन्डाइव्ह, वॉटरक्रेस. आइसबर्ग लेट्यूस नाही, त्यात पाण्याशिवाय फार काही नसतं. वरून कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट, आणि समुद्रफेसाचा तुकडा कायम पडलेला असतो, वाटेल तेव्हा कुरतडतो. ढीग किती, तर त्याच्या कवचाएवढा.

आणि दिव्याचं म्हणाल तर नुसतं कॅल्शियम घालून उपयोग नाही, ते आतड्यातून आत जायला व्हिटॅमिन डी लागतं आणि ते कासवाच्या अंगात तयार होतं उन्हातल्या यूव्हीबी नावाच्या अतिनील किरणांवर. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर ते मार्च माणसांनाही उन्हातून पुरेसं डी मिळत नाही म्हणून सरकार गोळ्या घ्यायला सांगतं. खिडकीतून येणारं ऊन चालत नाही कारण काचेतून यूव्हीबी येतच नाही. तुमच्याकडे अंगणात ऊन फुकट आहे काका, मला त्या किरणांची ट्यूब विकत घ्यावी लागते, आणि ती पेटत असली तरी किरण कमी होतात म्हणून वेळेवर बदलावीही लागते. लाड कसले, नाइलाज आहे. वजन करते कारण कासव दुखतंय म्हणून ओरडत नाही, आणि त्याचं सगळं इतकं सावकाश चालतं की आज चुकीचं खाल्लेलं कवच मऊ होऊन दिसायला वर्षं जातात. ठणठणीत दिसतंय हा त्याच्या बाबतीत पुरावाच नाही.

तुम्ही लिहिलंय की पाठीवर "छान डोंगर" आलेत. हे प्रोटीनमुळे होतं असं सगळीकडे छापलेलं असतं, पण २००३ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी आफ्रिकेच्या सल्काटा जातीच्या पिल्लांवर बघितलं तेव्हा हवेतल्या कोरडेपणाचा परिणाम प्रोटीनपेक्षा कितीतरी जास्त निघाला. म्हणजे तेवढ्यापुरते तुमचे हरभरे सुटले. पिल्लांना कोमट पाण्यात बसवणं आणि ओलसर जागा ठेवणं हे खाण्याइतकंच महत्त्वाचं आहे, फक्त चांदण्याच्या कासवाला थोडे उंचवटे मुळातच असतात.

आणि तुम्ही तेच लिहिलंय, "काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या". काका, ते चांदण्याचं कासव म्हणजे स्टार टॉर्टॉइज असणार आणि ते घरी ठेवणं भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आजोबांपासून असलं तरी. या कासवांची तस्करी इतकी होते की २०१९ मध्ये त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारच बंद केला. मी दगडूचे कागद आणि त्याच्या अंगातली ओळखीची चिप दाखवू शकते, तुम्हाला तसे कागद मिळणारच नाहीत, म्हणून त्याचा डाएट चार्ट मी लिहून देणार नाही. जंगलात नेऊन सोडू मात्र नका, घरातलं आजारपण तिथल्या कासवांना लागतं आणि इतकी वर्षं पोळी खाल्लेलं ते स्वतः चरेल याचीही खात्री नाही. वनविभागाचा १९२६ नंबर आहे, तिथे फोन करा, आणि ते येईपर्यंत हरभरे बंद, अंगणात सावलीसकट ऊन आणि उथळ ताटलीत पाणी एवढं ठेवा.