शामाट्स–सारायेव्हो रेल्वे : ‘पोरांच्या हौसेनं रूळ बसत नाहीत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. 1947 साली युगोस्लाव्हियातल्या तरुणांनी बोस्नियातली (तेव्हा युगोस्लाव्हियाचाच भाग) शामाट्स–सारायेव्हो रेल्वे बांधली हा निव्वळ प्रचार. नवख्या हातांचं काम कच्चंच असणार. आणि ‘स्वयंसेवक’ हे वेठबिगारीचं गोंडस नाव. तिसऱ्यात तथ्य आहे, त्याकडे शेवटी येतो. पहिले दोन मात्र पटत नाहीत.

आधी गरज बघा. सारायेव्होचा जुना मार्ग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलातला, 760 मिलिमीटर गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). म्हणजे आपल्या बार्शी लाइटपेक्षाही दोन मिलिमीटर अरुंद! सावा नदीवरच्या ब्रोडला प्रत्येक डबा रिकामा करून माल दुसऱ्या गेजच्या गाडीत भरायचा. कोळसा, पोलाद, लाकूड बोस्नियात आणि बाहेर पडायला हा बोळ. 1946 चा ब्रच्को–बानोविची मार्ग तरुणांनी कोळशासाठीच बांधला होता. पुढच्या वर्षी एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये सुमारे 240 किलोमीटरचा, युरोपातल्या नेहमीच्या स्टँडर्ड गेजचा शामाट्स–सारायेव्हो मार्ग उभा राहिला. दोन लाखांहून जास्त तरुण तिथे राबले, पण एकाच वेळी नव्हे. तुकड्या साधारण दोन-दोन महिन्यांनी बदलत.

आता कच्चेपणाचं. यंत्रं जवळजवळ नसताना रेल्वेचं सगळ्यात मोठं काम म्हणजे माती. जमिनीतली एक घनमीटर माती खणली की फुगून सव्वा घनमीटर होते. एकचाकी हातगाडीत साठेक लिटर मावते, म्हणजे घनमीटरला वीसेक फेऱ्या. माणशी दिवसाला दोन घनमीटर धरले तरी चाळीस. इथे ताकदीपेक्षा मांडणी महत्त्वाची. हातगाडी फळ्यांवरून पळते. एक उलटली की मागची सगळी रांग खोळंबते, म्हणून भरलेल्या गाड्यांची वाट वेगळी, रिकाम्यांची वेगळी. टिकाव मारणारे कमी पडले तर फावडेवाले नुसते उभे. पन्नास-साठ मीटरपलीकडे हातगाडी परवडतच नाही, तिथे हलक्या रुळांवरच्या ट्रॉल्या लागतात. हे शिकायला आठवडा पुरतो.

भराव बिघडतो तो वेगळ्याच कारणानं. घाईत वरून माती ओतत पुढे सरकायचं, की आतून तो पोकळ राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसात बसतो. रुळाला झोळ येतो, मग गाडीचा वेग उतरवा आणि गँगमन लावून खडी ठोकत बसा. वीस-तीस सेंटीमीटरचे थर देऊन प्रत्येक थर धुमसानं ठोकणं हाच उपाय. चिकणमाती ओली असेल तर थांबायचं. ती कितीही ठोका, रबरासारखी हलत राहते. यात पोरांच्या वयाचा संबंध नाही. ‘आज किती घनमीटर’ एवढंच मोजून शाबासकी दिली, तर अनुभवी मजूरसुद्धा थर चुकवतात. तुकड्या-तुकड्यांमध्ये चढाओढ लावण्याच्या त्या पद्धतीत हा धोका उघड होता.

दुसरा दुबळेपणा दोन महिन्यांच्या पाळीचा. हात जरा तयार होतो तोच माणूस घरी जातो.

बोगद्यांचं म्हणाल तर तिथे मी तुमच्याच बाजूला. या मार्गावरचा व्रांदुकचा बोगदा दीड किलोमीटरचा आहे. सुरुंगाची भोकं कुठे नि किती खोल घ्यायची, स्फोटानंतर छताचे सुटे दगड पहारीनं आधी कोणी पाडायचे, हे जाणत्या खाणकामगाराचं काम. मुलांना तिथे राडारोडा भरायला लावता येतं, त्यापुढे नाही. मूळ लेखात हा फरक पुसट झाला होता.

आणि मार्ग खरोखर कच्चा असता तर आजवर टिकला नसता. पुढे त्याचं विद्युतीकरण झालं, आणि झेनिट्साच्या पोलाद कारखान्यावरून जाणारा हाच मार्ग आजही बोस्नियाचा मुख्य रेल्वेमार्ग आहे.

सक्तीबद्दल. बाहेरून पाच हजारांवर परदेशी तरुण स्वखुशीनं आले. ब्रिटिश तुकडीचे प्रमुख होते पुढे इतिहासकार म्हणून गाजलेले ई. पी. थॉम्सन, तेव्हा वय 23. पण एकपक्षीय राजवटीतल्या स्थानिक मुलाला ‘येत नाही’ म्हणणं तितकं सोपं नव्हतं. शिवाय देशात त्याच काळात जर्मन युद्धकैदीही रस्त्यांवर आणि खाणींत राबत होते. उभारणीचं सगळं श्रेय तरुणांना देताना ते सोयीनं विसरले जातात. तरुणांच्या छावण्यांमध्ये साक्षरतेचे वर्ग चालत, अनेक खेड्यांतली मुलं तिथेच लिहायला-वाचायला शिकली, हेही खरं. एकानं दुसरं खोडलं जात नाही.

लेखात ‘स्वयंसेवक’च्या जागी आता ‘श्रमतुकड्यांतले तरुण’ केलंय, आणि बोगद्यांचा परिच्छेद नव्यानं लिहिलाय.