४०९६ च्या आत काहीच नसतं म्हणे!

"ॲरेच्या मर्यादेबाहेरचा शून्यावा घटक, ॲरेची लांबी शून्य." मी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहून राहिलो, आणि जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर ही वॉर्निंग फेकतो. ती दिसली की आता डोकं सणकतं. कोणता ॲरे (ओळीने मांडलेले खण) बे? मी ॲरे लिहिलाच कुठे? मी मेमरीतला एक पत्ता लिहिलाय. हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) ४०ई. बायोसचा (पीसी सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा) एक्स्टेंडेड डेटा एरिया कुठे सुरू होतो, ते सांगणारे दोन बाइट तिथे असतात. कित्येक दशकं तिथेच आहेत, कोणी हलवलेले नाहीत. ते वाचायचे, चार बिट डावीकडे सरकवायचे आणि त्या जागेपासून एसीपीआयची (हार्डवेअरची माहिती देणाऱ्या तक्त्यांची) खूण शोधायची. जुन्या बायोसवर बूट होणाऱ्या कर्नलला हे करावंच लागतं. एका ओळीचं काम आहे. आणि त्या एका ओळीवर जीसीसी मला सांगतो की तिथे काही नाही.

का नाही? कारण त्याने ठरवलंय. आकडा थेट लिहून त्याचा पॉइंटर (मेमरीतली जागा दाखवणारा पत्ता) केला आणि तो ४०९६ पेक्षा लहान असला, की हा कोणीतरी नल पॉइंटरला (कुठेच न दाखवणाऱ्या रिकाम्या पॉइंटरला) ऑफसेट जोडून केलेला घोळ आहे असं तो धरून चालतो. जीसीसी ११ तर मोठ्या पत्त्यांवरही असाच ओरडत होता. ४०९६ ची रेघ १२ मध्ये आली. साध्या ॲप्लिकेशनसाठी हा अंदाज बरोबर असेल, मान्य. पण मी फ्री-स्टँडिंगचा फ्लॅग देऊन सांगतोय की मी कर्नल लिहून राहिलो, माझ्याखाली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम नाही. तरी तेच. अरे, आमच्या नागपुरात शून्य मैलाचा दगड उभा आहे, आणि तिथे काहीच नाही असं इथलं शेंबडं पोरही म्हणणार नाही!

आणि हे फक्त पीसीचं रडगाणं नाही. इथल्या कॉलेजांतली पोरं ज्या आर्डुइनो उनोवर शिकतात, त्यातल्या एटीमेगा३२८पी चिपवर पोर्ट बी चा (पिनांच्या एका गटाचा) रजिस्टर हेक्स २५ वर आहे. म्हणजे ३७! त्या चिपचे सगळेच पोर्ट ४०९६ च्या आत. जीसीसी १२ आला आणि एव्हीआरवाल्यांच्या (याच चिपच्या घराण्यावर काम करणाऱ्यांच्या) बिल्डमध्ये याच वॉर्निंगचा पूर आला. डेटाशीटमध्ये छापलेला पत्ता चूक आणि कंपायलरचा अंदाज बरोबर, हा कुठला न्याय?

सी भाषा १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडली ती युनिक्ससाठी. ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यासाठीच. त्या भाषेत आजही "या पत्त्यावर हार्डवेअर आहे, इतके बाइट आहेत" असं सरळ सांगायची सोय नाही. आकड्याचा पॉइंटर केला तर पुढचं ज्याच्या त्याच्या कंपायलरवर सोडलंय. व्होलाटाईल लावा म्हणतात. लावला की! व्होलाटाईलने वाचन गाळलं जात नाही, एवढंच. वॉर्निंग जशीच्या तशी.

लिनक्सवाल्यांनाही हेच भोगावं लागलं. सप्टेंबर २०२१ मध्ये लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी वॉर्निंग म्हणजे एरर असं डीफॉल्ट केलं आणि जुन्या आर्किटेक्चरचे बिल्ड पडायला लागले. मोटोरोला ६८के च्या एका बोर्डावर इथरनेटचा पत्ता ठरलेल्या जागेवरून सहा बाइट उचलून वाचतात, तेही जीसीसीला खपेना. मग लिनक्स ५.१५ मध्ये ॲब्सोल्यूट पॉइंटर नावाचा मॅक्रो (नाव दिलेला कोडचा तुकडा) आला. आत काय आहे? असेंब्लीची एक रिकामी ओळ. एकही इन्स्ट्रक्शन नाही. पॉइंटर कुठून आला हे कंपायलरने विसरावं, एवढ्यासाठी ती ओळ. जगभर चालणाऱ्या कर्नलला खरी गोष्ट सांगण्यासाठी कंपायलरपासून तीच गोष्ट लपवावी लागते, याचा संताप नाही येणार तर काय?

तरी तो मॅक्रो मला मंजूर आहे. आमच्या कर्नलमध्ये मी तसाच एक लिहिलाय. पण टीममध्ये वापरेल कोण? "वॉर्निंगच तर आहे बे, बंद कर नं!" आणि मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) अख्ख्या सोर्स कोडसाठी ॲरे-बाउंड्सची तपासणी बंद. एका ४०ई साठी! त्यानंतर १६ खणांच्या डिस्क्रिप्टर टेबलात कोणीतरी सतरावा खण लिहिला आणि शेजारचा लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) खराब केला. कंपायलर हे पकडू शकला असता. त्याचं तोंड आपणच दाबून ठेवलं होतं. भर मे महिन्यात, कूलरही हार मानतो अशा दुपारी, आयटी पार्कात बसून तो हँग शोधत होतो आम्ही.

दुसऱ्या एकाने शक्कल लढवली: पत्ता ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला, म्हणजे कंपायलरला आकडा दिसत नाही. वर तो व्हेरिएबल इंट, म्हणजे ऋण आकडेही धरणारा टाइप! लोकल एपिकचा (प्रोसेसरमधल्या इंटरप्ट कंट्रोलरचा) नेहमीचा पत्ता हेक्समध्ये एफईई०००००. ३२ बिटांच्या इंटमध्ये तो ऋण होतो, आणि ६४ बिटांचा पॉइंटर करताना पुढे एफच एफ लागून भलत्याच जागी जातो. शिवाय ग्लोबल आहे, तर कुठलीही चुकार राइट तो बदलून टाकणार, ते वेगळंच. रिव्ह्यूमध्ये लिहिलं, तर म्हणे "काहून इतका कीस काढून राहिला?"

काढणारच. उघडा आकडा कास्ट करून (थेट पॉइंटर बनवून) कोडभर पेरलेला एकही पॅच मी पास करणार नाही. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर पेरिफेरलचा (चिपमधल्या जोड हार्डवेअरचा) पत्ता पहिल्या मॉडेलला २०००००००, दुसऱ्या-तिसऱ्याला ३एफ००००००, चौथ्याला एफई००००००, आणि पहिल्या मॉडेलच्या चिपची डेटाशीट बसचे पत्ते ७ई००००००पासून छापते. हे आकडे चाळीस फायलींत विखुरलेले असले तर बोर्ड बदलल्यावर कोण निस्तरणार? एक हेडर, एक मॅक्रो, अनसाइंड आणि पॉइंटरच्या रुंदीचा टाइप, आणि तपासणी चालू. तो बंदीचा फ्लॅग मी मेकफाइलमधून काढलाय. ज्याला परत घालायचा असेल त्याने आधी माझ्या टेबलाशी यावं आणि कोणत्या पत्त्यासाठी हवाय ते सांगावं.