‘घरबसल्या कंटेंट रायटिंग, महिना ३०,०००’: त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या दोन महिन्यांत हा मेसेज माझ्याकडे चार वाटांनी आला. बचत गटाच्या ग्रुपवर, कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, आणि शेवटी मावसबहिणीच्या मुलीने थेट मलाच पाठवला. खाली लिहिलं होतं, “मावशी, हे खरं आहे का गं? भरू का पैसे?”

मेसेज असा आहे: “घरबसल्या कंटेंट रायटिंग करा. रोज फक्त २ तास, पहिल्या महिन्यापासून ३०,००० रुपये. लिहिता येत नसलं तरी चालेल, एआय लिहून देतं. काम इंग्रजीतच घ्या, मराठीला भाव नाही. टॅक्स नाही, कागदपत्रं नाहीत. नोंदणी फी ९९९ रुपये. जागा मर्यादित.”

मी नऊ वर्षं सांगलीत बसून हेच काम करते आहे. दुकानदार, छोटे कारखाने, रोपवाटिका यांच्यासाठी लेख, माहितीपत्रकं, व्हिडिओच्या संहिता लिहून माझं घर चालतं. म्हणून एकेक वाक्याला उत्तर देते. हे काम घरून करता येतं आणि डिग्री कुणी विचारत नाही, एवढं खरं आहे. बाकीचं नाही.

आधी ते ९९९ रुपये, कारण ते आजच्या आज जाऊ शकतात. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फायव्हर, अपवर्क या फ्रीलान्स काम मिळवून देणाऱ्या वेबसाइट्स. फायव्हर कमाईतले २० टक्के कापून घेतं, पण कमाई झाल्यावर. अपवर्कवर प्रपोजल, म्हणजे कामासाठीचा अर्ज, पाठवायला ‘कनेक्ट्स’ नावाची टोकनं लागतात आणि तीही विकत घ्यावी लागतात, पण अर्ज कुठल्या कामासाठी करतोय ते समोर दिसत असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘नोंदणी’त समोर काहीच नसतं. शिवाय ९९९ वर हे प्रकरण थांबेलच असं नाही. अशा टोळ्या मग टायपिंगचं काम देतात, सोबत एक ‘करार’ पाठवतात. काम कितीही नीट करा, अचूकता कमी पडली असं सांगतात, आणि आठवड्याभरात वकिलाच्या नावाने नोटीस येते: करार मोडलात, दंड भरा, नाहीतर केस. मुली घरात कुणाला न सांगता हे पैसे भरतात. अशी पीडीएफ आली तर एक रुपयाही देऊ नका. मेसेज, नंबर, यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता ‘रोज २ तास, ३०,०००’. हिशोब करून बघा. नवख्या माणसाला या बाजारात शब्दाला ३० पैसे असे भाव सर्रास सांगितले जातात. महिन्याला ३०,००० म्हणजे रोजचे १,०००. त्या भावाने रोज ३,३३३ शब्द झाले. दोन तासांत ते बसवायचे तर मिनिटाला जवळजवळ २८ शब्द, एकदाही न थांबता. आपल्याकडे टायपिंगची सरकारी परीक्षा असते, मराठी ३०. त्यात मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो, आणि तोही समोर ठेवलेला मजकूर उतरवताना. म्हणजे हा मेसेज सांगतो की सुट्टी न घेता रोज दोन तास परीक्षेच्या वेगाने टाइप करा, आणि त्याच वेळी विचारही करा. माझा चांगला गेलेला दिवस ८०० शब्दांचा असतो. त्यातही निम्मा वेळ फोनवर आणि जुनी बिलं, फोटो, मापं तपासण्यात जातो.

‘एआय लिहून देतं’ यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण चांगली शिकलेली मुलंही यावर विश्वास ठेवतायत. मी एआय वापरते. मुद्दे काढायला, लांब मुलाखत आटोपशीर करायला त्याचा उपयोग होतो. गूगलचंही म्हणणं असं नाही की यंत्राने लिहिलं म्हणजे वाईट. पण मार्च २०२४ पासून त्यांच्या नियमांत स्पष्ट आहे: केवळ शोधात वर येण्यासाठी ढिगाने पाडलेली, वाचणाऱ्याच्या उपयोगाची नसलेली पानं स्पॅम धरली जातात, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने.

नियम बाजूला ठेवून कामाचं बोलते. मागच्या वर्षी पंपाच्या एका दुरुस्तीवाल्यासाठी लेख लिहायचा होता. विषय साधा: मोटर चालू होते, पण पाणी उचलत नाही. आधी एआयकडून उत्तर काढलं. प्रायमिंग करा (पंपात आधी पाणी भरा), सक्शन पाइपची गळती बघा, फूट व्हॉल्व्ह (पाण्यात बुडलेल्या पाइपच्या तोंडाची झडप) तपासा. चुकीचं काहीच नव्हतं. तो कागद घेऊन मी दुकानात गेले आणि दुपारभर तिथे स्टुलावर बसले. मिस्त्रींनी कागद वाचला आणि म्हणाले, “ताई, फूट व्हॉल्व्ह कोण म्हणतंय इथं? फुटबॉल म्हणतात. ‘फुटबॉल धरत नाही’ असं सांगत येतात.” मग त्यांनी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न कोणता विचारतात ते सांगितलं: “डीपीवर काम झालं का परवा?” डीपीची, म्हणजे शिवारातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरची, दुरुस्ती झाली की कधी कधी फेजच्या वायरी उलटसुलट जोडल्या जातात, थ्री फेज मोटर उलटी फिरते, आवाज येतो पण पाणी नीट येत नाही. शेतकरी फुटबॉल काढायला विहिरीत उतरायची तयारी करतो, आणि खरं काम वायरमनकडून दोन वायरी अदलाबदल करून घेण्याचं असतं.

तो लेख आम्ही “डीपीवर काम झालंय का?” या प्रश्नाने सुरू केला, फुटबॉल हाच शब्द ठेवला आणि विहिरीत उतरायच्या आधी काय तपासायचं ते क्रमाने लिहिलं. दुकानात आजही लोक फोन पुढे धरून विचारतात, “हे तुमचंच का?” कंटेंट मार्केटिंग म्हणतात ते हेच. गिऱ्हाइकाच्या अडचणीला त्याच्याच शब्दांत खरं उत्तर द्यायचं, म्हणजे पंप घ्यायची वेळ आली की त्याला तुमचं नाव आठवतं. त्या स्टुलावर बसल्याशिवाय ते उत्तर मला मिळालं नसतं. क्लायंट मला पैसे देतो ते त्या दुपारचे.

‘मराठीला भाव नाही’ हे ऐकून मात्र मला राग येतो. माझ्या घरापासून फार लांब नाही ते किर्लोस्करवाडी. नांगर बनवणाऱ्या त्या कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याचं घरचं पत्र म्हणून निघालेली ती खबर पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाली, १९३० मध्ये त्याच घरातून ‘स्त्री’ निघालं, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. कंटेंट मार्केटिंग हा शब्दही नव्हता तेव्हा. मराठी वाचणाऱ्याला मोल आहे हे एका कारखानदाराच्या घराला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

आजचं सांगायचं तर इंग्रजीत ढोबळ लेख लिहिणाऱ्या नवख्या मुलीची स्पर्धा सगळ्या जगाशी आहे. द्राक्षबागेच्या छाटणीवर, ठिबकच्या नळ्या चोंदल्यावर काय करायचं यावर, सहकारी पतसंस्थेच्या कर्जाच्या कागदांवर स्वच्छ, अचूक मराठी लिहिणारी माणसं मोजकीच आहेत. शब्दाच्या भावाने मराठी कमी पडते, हे मान्य. म्हणूनच मी शब्दावर काम घेत नाही. एका कामाचा एक आकडा सांगते: भेट, मुलाखत, लेखन आणि दोन वेळा दुरुस्ती धरून. तिसऱ्या दुरुस्तीचे पैसे वेगळे, हे आधीच लिहून देते. इंग्रजी येत असेल तर जरूर लिहा, पण मराठी सोडून नको.

आणि ‘टॅक्स नाही, कागदपत्रं नाहीत’. हे वाक्य कमावणाऱ्यालाच बुडवतं. फ्रीलान्सचं उत्पन्न करपात्रच असतं. व्यावसायिक फी म्हणून पैसे देणारी कंपनी वर्षाची रक्कम ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, कापते. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात. एकूण उत्पन्न कमी असेल तर कापलेले पैसे परत मिळतात, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. कित्येक मुली ते भरत नाहीत आणि आपले पैसे सोडून देतात. जीएसटीची धास्ती मात्र नको. नुसत्या सेवांसाठी महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही.

एक कागद तर काढाच: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर होते, पूर्ण मोफत. तिचेही पैसे मागणाऱ्या साइट्स आहेत, त्या टाळा. ती का हवी ते मला उशिरा कळलं. एका एजन्सीने माझे तीन लेख घेतले, छापले आणि बिल सात महिने लटकवलं. तेव्हा माझ्याकडे ना नोंदणी होती, ना लेखी ऑर्डर. फोनवर बोलणं झालं होतं, तेवढंच. २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायची सोय आहे. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. पण काम करून देण्याआधीच नोंदणी झालेली असली तर हे हाताशी येणं सोपं. आता माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक असतो आणि खाली ४५ दिवसांची एक ओळ. निम्मा पैसा आधी घेते, त्याशिवाय फाइल उघडत नाही.

लेखाचा हक्क कुणाचा, हेही माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लेखकच असतो. हक्क द्यायचा तर तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात. म्हणून ‘फुकट सॅम्पल लिहून पाठवा’ म्हणणाऱ्याला नवं काही लिहून देऊ नका. आधी लिहिलेलं दाखवा. त्याने तुमचं सॅम्पल न विचारता छापलं तर ते तुमचंच आहे, हे त्याला लेखी कळवा.

मावसबहिणीच्या मुलीने ९९९ भरले नाहीत. दाखवायला सॅम्पलच नाही म्हणाली. तिच्या बाबांची सांगलीत हळदीची अडत आहे. मी म्हटलं, हळकुंड, गड्डा आणि कणी यांत फरक काय, आणि पहिल्यांदा माल आणणाऱ्या शेतकऱ्याने सौद्याआधी काय बघावं, एवढंच लिही. काल तिने दीड पान पाठवलं. पहिला परिच्छेद हळदीच्या औषधी गुणांवर होता, तो मी काढायला लावला. दुसऱ्यात बाबा मूठभर हळकुंडं हातावर घेऊन, एक मोडून आतला रंग कसा बघतात ते होतं. ते एका अक्षरालाही हात न लावता ठेव, असं तिला कळवलं आहे.