दारातच मुक्काम

बेळगावचा माणूस निवांत असतो, ही आमच्या गावाची जुनी कीर्ती आहे आणि तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती हा निवांतपणा कोठे साजरा केला जातो याविषयी. गल्लीच्या तोंडाशी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, बँकेच्या दारात, बसच्या पायरीवर, म्हणजे जेथून इतर सर्वांना जायचे असते नेमके तेथेच आमच्या माणसाला थांबावेसे वाटते. चार पावले पुढे हवी तेवढी मोकळी जागा असते; पण तेथे थांबण्यात त्याला काडीचाही रस नसतो.

शनिवारी, बाजाराच्या दिवशी, गणपत गल्लीतून पलीकडे जाण्याचे धाडस ज्यांनी केले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. दोन्ही कडांना भाजी आणि फुले घेऊन बसलेल्या बायका, त्यांच्यापुढे वाकून भाव करणारी गिऱ्हाइके, मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेच्या बरोबर मध्यावर शहापूरच्या एका वहिनींची आणि अनगोळच्या एका मावशींची भेट झालेली असते. दोघी उभ्याउभ्या बोलत असतात तोवर आशेला जागा असते. हातांतल्या पिशव्या जमिनीवर टेकल्या की समजावे, बैठक पक्की झाली. एका पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावत असते, दुसरीतून नारळाच्या शेंड्या, आणि त्या दोन पिशव्यांच्या मधून थोरलीचे कोठे जमले, मुलगा पुण्यात नेमके काय करतो, कार्यालय खानापूरचे घेतले की येथलेच, ही सर्व चौकशी सावकाश पुढे सरकत असते. वाट मात्र सरकत नाही. मी घसा खाकरून "मावशी, जरा वाट देता का?" असे विचारतो. मावशी माझ्याकडे मनापासून प्रेमाने पाहतात, "जावा की, कोण अडवलंय?" असे म्हणतात आणि पायाने पिशवी बोटभर बाजूला करतात. मग ती पिशवी ओलांडताना आपला पाय मेथीला लागू नये, ही जबाबदारी माझी असते. एवढ्यात माझ्या मागे आलेला दुचाकीस्वार हॉर्न वाजवू लागतो. बायकांवर हॉर्न वाजवणे असभ्य दिसेल हे त्याला कळत असल्याने तो हॉर्न फक्त मला उद्देशून असतो.

पदपथाने का जात नाही, असे बाहेरगावचा पाहुणा विचारतो. प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटी योजनेसाठी देशातील पहिली वीस शहरे निवडली गेली त्यात बेळगाव होते, आणि त्यानंतर शहरात ठिकठिकाणी पदपथ झाले हे खोटे नाही. चालण्यासाठी निदान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा सुटली पाहिजे, असे भारतीय रस्ते काँग्रेसचे मानक सांगते, आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तर अडथळामुक्त पदपथ हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. आमच्याकडे त्या १.८ मीटरमध्ये एक आडवी लावलेली स्कूटर, मिरची भज्यांचा एक गाडा, दुकानदाराने स्वतःसाठी मांडलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणि तो जागेवर नसताना त्या खुर्चीचे रक्षण करणारे कुत्रे, एवढ्यांचा जगण्याचा हक्क आधीच मान्य झालेला असतो. उरलेली जनता मग रस्त्यावर उतरते आणि उतरतोच आहोत तर एकामागे एक कशाला, म्हणून शेजारी शेजारी चालते. महाविद्यालये सुटण्याच्या वेळी आरपीडी कॉर्नरला चार मैत्रिणी हातात हात गुंफून येताना दिसल्या की समोरून येणाऱ्याने कोणत्या गटारापर्यंत मागे हटायचे हे आधीच ठरवून ठेवावे.

मोबाईलवर मान घालून चालणाऱ्यांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्याकडे पावसाळ्यात तेच लोक दुसऱ्या हाताने छत्री धरतात, एवढीच भर घालतो. छत्रीची काडी डोळ्यापाशी येऊन गेल्यावर "बघून चाला की!" हे वाक्य त्यांच्याच तोंडून येते.

सर्वांत मजेदार दृश्य मात्र टिळकवाडीतल्या रेल्वे गेटवर पाहावे. मिरज-लोंढा मार्गावरची गाडी येणार म्हणून गेट पडते आणि क्षणभर रस्त्याच्या डाव्या बाजूला शिस्तीत रांग लागते. मग मागून एक दुचाकी उजव्या बाजूने सर्वांच्या पुढे जाऊन उभी राहते. तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे रिक्षा, आणि रुळांच्या पलीकडेही अगदी असेच चाललेले असल्याने गाडी निघून जाईपर्यंत दोन सैन्ये समोरासमोर उभी ठाकलेली असतात. गेट उघडते, पण कोणालाही कोठेही जाता येत नाही. त्यापूर्वी, गेट बंद असतानाच, सायकल आडवी करून दांड्याखालून जाणारे एक काका ठरलेले आहेत. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार असे रुळांवर घुसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण काकांना थांबायला वेळ नसतो. ते वाकतात, सायकल ओढून घेतात, धोतर सावरत पलीकडे पोहोचतात, सायकल स्टँडवर लावतात आणि कमरेवर हात ठेवून गाडी पाहत उभे राहतात. शेवटचा डबा दिसेनासा झाल्याशिवाय ते हलत नाहीत. उभे कोठे, तर अर्थातच गेटच्या तोंडाशी.

यात भाषेचा काही प्रश्न असेल, अशी शंका कोणी घेऊ नये. आमचा सीमाप्रश्न १९५६ पासून चालू आहे, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे आणि फलक कोणत्या भाषेत असावा यावरून तापलेली डोकी येथे नवी नाहीत. मात्र "रांगेत या" हे दोन शब्द कन्नडात लिहा, मराठीत लिहा किंवा दोन्हींत लिहा, ते न वाचण्याबाबत उभय भाषकांत कमालीचे एकमत आहे. आपली जागा म्हणून सोडायची नाही, हा बाणा इतक्या वर्षांत रक्तात भिनला असावा; तो नकाशापुरता ठेवावा की बसच्या दारातही चालवावा, एवढेच काय ते ठरवायचे राहून गेले आहे.

बसचे दार हा तर या बाण्याचा बालेकिल्ला. खानापूरची बस स्थानकात शिरताच ती थांबण्याची वाट न पाहता लोक तिच्याबरोबर धावू लागतात, खिडक्यांतून रुमाल, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या आत पडतात आणि उतरणारे दारात अडकतात. आधी उतरू दिले तर चढायला जागा होईल, हे गणित तेथे सांगणाऱ्याकडे लोक दयेने पाहतात. २०२३ च्या ११ जूनपासून कर्नाटकात महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येऊ लागला आणि गर्दी वाढली, हे खरे. पण दारात उभे राहणारे बहुतेक पुरुषच असतात आणि आपण पैसे मोजून तिकीट काढले आहे, तेव्हा दारावरचा हक्क आपलाच, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येते.

परवाच्या बसमध्ये असेच एक गृहस्थ दाराच्या दांड्याला एका हाताने धरून पायरीवर उभे होते. आत मधल्या वाटेत तीन-चार जण ऐसपैस उभे राहतील एवढी जागा मला बाहेरूनही दिसत होती. कंडक्टर "मुंद होग्री, मुंद होग्री" असे ओरडत होता आणि मराठी माणसांना वाईट वाटू नये म्हणून अधूनमधून "पुढं चला की हो" असेही म्हणत होता. गृहस्थ हलले नाहीत. "आता उतरायचंच आहे की," असे त्यांनी शांतपणे सांगितले. पिरनवाडी आली, त्यांच्या काखेखालून दोघे उतरले. मच्छे आले, एका आजीने आपले गाठोडे त्यांच्या डोक्यावरून खाली उभ्या असलेल्या नातवाकडे दिले. "काका, आत या की," असे मी म्हणालो, तर मलाही तेच उत्तर मिळाले. गणेबैल मागे पडले तरी त्यांचे उतरणे जवळ आलेलेच होते.

खानापूरला बस थांबली आणि ते खरोखर उतरले. पायरीवरून जमिनीवर पाय टेकले, खिशातून मोबाईल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दाराला पाठ लावून त्यांनी नंबर शोधायला सुरुवात केली. मागे अख्खी बस खोळंबली. कंडक्टरने वरून हाक मारली, "काका, स्वल्प सरीरी!" काकांनी मान वळवली. "आणि काय सरकू? उतरलोय की आता!"