कॉफीऐवजी माटे पिताय? मग पत्ती मोजून घ्या

लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये आणि सायकलपटूंमध्ये येर्बा माटेचं, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या पानांच्या कॅफिनयुक्त पेयाचं, कौतुक वाढतंय. पेय चांगलंच आहे. पण ‘माटेतलं कॅफिन वेगळं, सौम्य असतं’ हे साफ चूक. कॅफिन तेच, कॉफीतलं. फरक पिण्याच्या पद्धतीचा आहे. अर्जेंटिना, उरुग्वेत भोपळ्याच्या वाटीत पत्ती भरतात आणि पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतून धातूच्या नळीने, म्हणजे बोंबियाने, बराच वेळ घोट घेत बसतात. कॅफिन सावकाश चढतं, म्हणून धडधड कमी जाणवते.

शर्यतीआधी हीच गोष्ट आडवी येते. दमसासाच्या खेळांत कॅफिनचा फायदा प्रामुख्याने दिसलाय तो वजनाच्या दर किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम, सुरुवातीच्या तासभर आधी घेतल्यावर. 60 किलोच्या माणसाला हे 180 मिलिग्रॅमपासून पुढे होतं. वाटीतून पिताना किती पोटात गेलं, याचा हिशेब लागत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की खेळासाठी वाटी बाजूला ठेवावी आणि वजनकाटा काढावा.

15 ग्रॅम पत्ती, 400 मिली पाणी, 75 अंश, सहा-सात मिनिटं, फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दट्ट्याच्या जाळीने गाळायच्या भांड्यात. पत्तीत कॅफिन ढोबळमानाने 1 टक्का धरा, म्हणजे फार तर 150 मिलिग्रॅम. सगळं उतरत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच. उकळतं पाणी घातलंत तर कडवट, तुरट काढा होतो आणि रिकाम्या पोटी मळमळतं. पाकीटही नीट बघून घ्या. ‘कोन पालो’ म्हणजे काड्यांसकट, चवीला हलकी. ‘सिन पालो’ बिनकाड्यांची, जास्त कडक. एकीवरून दुसरीवर गेलात की ग्रॅम पुन्हा ठरवा. शिमारांव या ब्राझीलच्या माटेची हिरवी पूड मात्र यासाठी नकोच. इतकी बारीक असते की जाळीतून खाली उतरते आणि बाटलीच्या तोंडाशी गाळ बसतो.

उन्हातल्या सरावाला पॅराग्वेचा थंड प्रकार, तेरेरे, उत्तम. तिकडे बर्फाचं पाणी पत्तीवर ओततात. बाटलीसाठी 20 ग्रॅम पत्ती अर्धा लिटर थंड पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी कागदी फिल्टरने गाळा. पण यात साखर जवळजवळ नाही, मीठही नाही. सराव दोन तासांच्या वर चालणार असेल तर ते वेगळं घ्यावंच लागेल. माटे म्हणजे इंधन नव्हे.

गरम पिणाऱ्यांनी एक गोष्ट फार गांभीर्याने घ्यावी. बोंबियातून गरम घोट थेट जिभेच्या मागे जातो, ओठांना चटका कळायच्या आत. 65 अंशांच्या वरची पेयं कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असं आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, 2016 मध्ये नोंदवलं. बेताच्या तापमानाच्या माटेवर तो ठपका नाही. म्हणजे 75 अंशाला मुरवा, पण निवल्यावर प्या. पानं बऱ्याचदा धुरावर वाळवतात आणि धुरातले घातक घटक पानांत उतरतात, त्यामुळे रोज पिणाऱ्यांनी बिनधुराची पत्ती शोधलेली बरी.

लोह कमी असलेल्या धावपटूंनी माटे जेवणाबरोबर घेऊ नये. त्यातली पॉलिफेनॉल्स वनस्पतींमधलं लोह अडवतात. जेवण आणि माटे यांत तास-दीड तास जाऊ द्या. संध्याकाळच्या सरावाला तर कॅफिन टाळाच. ते निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, आणि झोप गेली तर सरावाचा फायदाही गेला.

शर्यतीच्या दिवशी अचूक मात्रा हवी असेल, तर ना माटे ना कॉफी. लेबलवर कॅफिनचे मिलिग्रॅम छापलेली एनर्जी जेल घ्या, तीही आधी सरावात वापरून बघितलेली.