“चेंबरचं झाकण उघडा, पाणी लगेच जाईल” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पाऊस सुरू झाला रे झाला की तो मेसेज परत फिरायला लागतो, सोसायटीच्या ग्रुपवर, मावशी-काकांच्या ग्रुपवर, खाली हात जोडलेले इमोजी आणि “जनहितार्थ”. मजकूर थोडक्यात असा: रस्त्यावर पाणी तुंबलं तर पालिकेची वाट बघू नका, चेंबरचं झाकण उघडा. गच्चीचे पाइप सरळ ड्रेनेजला जोडा, पावसाने मैला पातळ होतो, मैला शुद्ध करणाऱ्या प्लांटला उलट सोपं जातं. शेवटी सगळं पाणी शुद्ध होऊनच नदीत जातं. ओढा म्हणजे गटारच, त्यात सोडायला परवानगी लागत नाही. आणि लाईन चोकअप असेल तर झाकण तासभर उघडं ठेवा, गॅस निघून जातो, मग माणूस उतरवा. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण यातलं एकही वाक्य धड नाही आणि शेवटचं तर जीव घेणारं आहे.

आधी झाकणाचं बघू. पुण्यात काय, मुंबईत काय, रस्त्याखाली दोन वेगळ्या लाईन असतात (निदान असायला हव्यात). एक पावसाळी, कडेला जाळ्या दिसतात ना ती, तिचं पाणी काहीही प्रक्रिया न होता ओढ्यात, नाल्यात, तिथून नदीत किंवा समुद्रात. दुसरी मैलापाण्याची, जिला आपण सगळे ड्रेनेज म्हणतो, संडास, बाथरूम, मोरी सगळं तिच्यात, आणि ती जाते एसटीपीला, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला. रस्त्यातली ती गोल जाड झाकणं बहुतेकदा या दुसऱ्या लाईनची. मुंबई पालिकेत तर खातीच वेगळी, पर्जन्य जलवाहिन्या वेगळं आणि मलनिस्सारण वेगळं, म्हणून तक्रार केली की “ते आमच्याकडे येत नाही” असं ऐकून घ्यावं लागतं, डोकं फिरतं पण पुष्कळदा ते खरंच त्यांच्याकडे नसतं.

तर मैलापाण्याच्या लाईनचा साइज पावसावर काढलेलाच नसतो. हिशोब करा. 40 फ्लॅटची बिल्डिंग, घरटी 5 माणसं धरली तर 200. माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के ड्रेनेजला, हा आपल्याकडचा नेहमीचा डिझाइनचा आकडा, म्हणजे सगळ्या बिल्डिंगचं अख्ख्या दिवसाचं सांडपाणी 21,600 लिटर. आता त्याच बिल्डिंगची गच्ची 500 चौरस मीटर धरा आणि ताशी 50 मिलिमीटर पाऊस, मुंबईत ब्रिमस्टोवॅड या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या प्रकल्पात नाल्यांसाठी हाच आकडा धरलाय. एका तासात 25,000 लिटर. म्हणजे दिवसभराच्या सांडपाण्यापेक्षा जास्त पाणी तासाभरात त्याच पाइपात, आणि हे नुसत्या गच्चीचं, झाकण उघडून आत घेतलेला रस्ता अजून मोजलाच नाहीये. एवढं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फिरतं आणि सगळ्यात खालचं तोंड शोधतं. तळमजल्यावाल्यांना विचारा, कमोडमधून गुडगुड आवाज येतो, मग बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर येतं आणि अर्ध्या तासात हॉलमध्ये. वरच्या मजल्यावरचे मात्र मेसेज फॉरवर्ड करत असतात.

आणि उघडं झाकण गुडघाभर गढूळ पाण्याखाली दिसत नाही हो. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबईत एक नामवंत डॉक्टर अशाच पाण्यातून चालत घरी निघाले होते, उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि त्यातच त्यांचा जीव गेला. त्यानंतर मॅनहोलच्या आत जाळ्या बसवायची मागणी वाढली, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, तरी दर पावसाळ्यात आपले हौशी लोक पहार घेऊन रस्त्यात उतरतातच.

मैला पातळ होऊन प्लांटला सोपं जातं हे तर पूर्ण उलटं आहे. प्लांटमध्ये काम करतात जिवाणू. त्यांना घाण खायला मिळाली पाहिजे, हवा मिळाली पाहिजे आणि वेळ मिळाला पाहिजे. पावसाचं पाणी घुसलं की टाकीतून सगळं घाईघाईने पुढे ढकललं जातं, जिवाणूही वाहून जातात, आणि प्लांटला झेपत नाही तेवढं पाणी बायपासने तसंच बाहेर. ग्रुपवर कोणीतरी हमखास लिहितं की परदेशात एकच लाईन असते. असते की, लंडनमध्ये जुनी लाईन एकच आहे, आणि जोराचा पाऊस झाला की मैलापाणी थेम्समध्ये ओसंडतं म्हणून तर त्यांना नदीखालून 25 किलोमीटरचा बोगदा खणावा लागला.

“सगळं शुद्ध होऊनच नदीत जातं” यावर फार बोलायची गरज नाही. पुण्यात जुन्या प्लांटची एकूण क्षमता 477 एमएलडी, म्हणजे रोजचे तेवढे दशलक्ष लिटर. ती पुरत नाही म्हणून तर जायका या जपानच्या सरकारी संस्थेकडून कर्ज घेऊन आणखी 11 प्लांट, 396 एमएलडीचे, ठरले, करार 2016 चा. सगळं आधीच शुद्ध होत होतं तर मग हे कर्ज हौसेने काढलं का? उन्हाळ्यात बंडगार्डनच्या पुलावर पाच मिनिटं उभं राहा आणि नाक उघडं ठेवा, बस.

आता ओढा. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण चांगले शिकलेले लोकही तेच बोलतात, “अहो उन्हाळ्यात तर कोरडा असतो, गटार आहे ते.” 1974 च्या जल प्रदूषण कायद्यात प्रवाहाच्या व्याख्येत वाहता ओहोळ येतो आणि सध्या कोरडा पडलेलाही येतो, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रदूषण करणारं काहीही प्रवाहात, विहिरीत, ड्रेनेजमध्ये किंवा जमिनीवर सोडायला कलम 24 ने बंदी आहे, आणि सांडपाणी सोडायची नवी सोय करायची तर कलम 25 खाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. म्हणजे “नदीत नाही हो, ड्रेनेजमध्येच सोडतोय” म्हणून कारखान्यालाही सुटता येत नाही. पर्यावरण नियमांत कारखान्यांसाठी सर्वसाधारण मर्यादा अशी की नदी-नाल्यात सोडताना बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, जितका जास्त तितकं पाणी घाण) लिटरला 30 मिलिग्रॅम, सार्वजनिक ड्रेनेजला 350. ड्रेनेजला सूट जास्त का, तर पुढे प्लांट आहे हे गृहीत धरून. तीच लाईन कोणी गुपचूप ओढ्यात काढून दिली की ते गृहीतकच गेलं. आणि पुण्यातल्या आंबिल ओढ्याला गटार म्हणणाऱ्यांनी 25 सप्टेंबर 2019 ची पुराची रात्र आठवावी, कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याने आपली जागा सगळ्यांना दाखवून दिली.

राहिलं माणूस उतरवायचं. मैला सडतो तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, कुजक्या अंड्याचा वास. पण प्रमाण वाढलं, साधारण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) वर, की नाकच बधिर होतं, वास येणं बंद. आत उतरलेल्याला वाटतं गॅस गेला, आणि तो तिथेच कोसळतो. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे झाकण तासभर उघडं ठेवून तळाचा गॅस निघेलच याचा काही भरवसा नाही, शिवाय गाळात पाय पडला की अडकलेला गॅस नव्याने सुटतो. काडी पेटवून बघतात त्याने हा विषारी गॅस आहे की नाही ते कळत नाही, मिथेन असेल तर भडका मात्र उडेल. मग एक पडला म्हणून दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा. पेपरात अशा बातम्यांत बहुतेकदा दोन-तीन नावं का असतात ते यातून कळेल.

हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनं आणि खबरदारी न घेता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साधनं देऊन उतरवायचं तरी ते अपवाद म्हणूनच, लेखी कारण आणि परवानगीने. मृत्यू झाला तर 30 लाख भरपाई, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. “आम्ही कॉन्ट्रॅक्टरला दिलं होतं, त्याने कोणाला आणलं आम्हाला काय माहीत” हे सेक्रेटरींचं आवडतं वाक्यही चालणार नाही, कारण कायद्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष असे दोन्ही शब्द आहेत. लाईन तुंबली तर पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला फोन करून जेटिंग मशीन (जोराच्या पाण्याने चोकअप फोडणारं) आणि सक्शन गाडी (गाळ ओढून घेणारी) मागवा, उशीर होत असेल तर खाजगी गाडी बोलवा आणि बिल मेंटेनन्समधून द्या. पाइप आत जातो, माणूस वरच राहतो.