विशेषनामाला ‘द’ लागत नाही? मग गोदावरीचं काय करायचं?

‘दहावीच्या मुलांसाठी अत्यंत उपयुक्त’ असा मथळा असलेला एक मेसेज सध्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात इंग्रजी विशेषनामांचे चार ‘अटळ’ नियम दिलेत. विशेषनामाआधी ‘द’ येत नाही. त्याचं अनेकवचन होत नाही. मान द्यायच्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. आणि ‘एस’ने संपणाऱ्या नावापुढे षष्ठीसाठी नुसती अपॉस्ट्रॉफी.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. परवा एका मुलीच्या वहीत ‘द गोदावरी राइझेस निअर त्र्यंबकेश्वर’ हे अगदी बरोबर वाक्य होतं, पण ‘द’वर काट मारलेली. का खोडलंस विचारलं, तर म्हणाली, “बाई, विशेषनाम आहे ना!”

हा पहिला नियमच सगळ्यांत जास्त घात करतो. ‘द’ लागणार की नाही, हे नाव कशाचं आहे यावर ठरतं. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगा ‘द’ घेतात: द गोदावरी, द अरेबियन सी, द हिमालयाज. एकटं शिखर घेत नाही. कळसूबाई नुसती कळसूबाई, एव्हरेस्ट नुसता एव्हरेस्ट. सरोवरही घेत नाही, म्हणून लोणार लेक. देशांची नावं बहुधा उपपदाशिवाय, म्हणजे ‘द’शिवाय येतात, पण नावात किंगडम, स्टेट्स असं सामान्यनाम आलं, किंवा नावच अनेकवचनी असलं, की ‘द’ येतो: द युनायटेड किंगडम, द नेदरलँड्स. युक्रेनला पूर्वी सर्रास ‘द’ लावत. १९९१मध्ये तो स्वतंत्र झाल्यावर ही पद्धत मागे पडली, कारण त्या ‘द’मुळे देश नव्हे, कुठल्या तरी देशाचा एक भाग असल्यासारखं वाटतं, असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं. एका उपपदात एवढं सामावलेलं असतं!

मुलांना सर्वांत उपयोगी पडते ती ‘ऑफ’ची खूण. ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ला ‘द’ नको, पण ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ला हवा. द गेटवे ऑफ इंडिया, द बे ऑफ बेंगाल, द रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, सगळे याच वळणाचे. मराठीत उपपदच नाही, त्यामुळे आपल्या मुलांचा कान इथे मदतीला येत नाही. ती पाठ केलेल्या नियमावर विसंबतात, आणि म्हणूनच चुकीचा नियम त्यांच्या हाती देणं मला फार वाईट वाटतं.

अनेकवचनाचं म्हणाल, तर ‘द पाटील्स’ म्हणजे पाटील कुटुंबीय, हे शुद्ध इंग्रजी आहे. वर्गात तीन स्नेहल असतील तर ‘थ्री स्नेहल्स’. मराठीतही आपण ‘तू काय टाटा-बिर्ला लागून गेलास?’ म्हणतो, तेव्हा विशेषनाम सामान्यनामासारखंच वापरतो की.

मान आणि कॅपिटल अक्षर यांचा संबंध नाही. ‘प्रिन्सिपल कुलकर्णी’ लिहिताना ‘प्रिन्सिपल’चं ‘पी’ मोठं, कारण तो शब्द नावाला जोडून आलाय. ‘अवर प्रिन्सिपल इज स्ट्रिक्ट’ यात मात्र छोटं, मुख्याध्यापक कितीही आदरणीय असोत. उलट मंडे आणि मराठी यांना मोठं अक्षर लागतं, समरला आणि मॅथेमॅटिक्सला लागत नाही.

राहिली अपॉस्ट्रॉफी. लंडनच्या सेंट जेम्सेस पार्कच्या नावात अपॉस्ट्रॉफीनंतर दुसरा ‘एस’ आहेच. २००६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सस राज्याचा एक खटला होता. त्यात बहुमताच्या निकालपत्रात ‘कॅन्सस’पुढे नुसती अपॉस्ट्रॉफी, तर विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्तींनी अपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’ असं दोन्ही लिहिलं. दोन्ही रूपं चालतात. एका निबंधात एकच ठेवा, एवढंच मी वर्गात सांगते.